वैशाखातली परसबाग : पहाटेची, दुपारची आणि संध्याकाळची कामं

खानदेशात मे महिन्यातलं बागकाम दोन तुकड्यांत होतं. पहाटे पाच ते साडेआठ हा पहिला, संध्याकाळी साडेपाचनंतरचा दुसरा. मधले नऊ तास बागेत पाऊल टाकायचं नाही. धुळे, अमळनेर, भुसावळ, कुठेही जा, पारा 44-45 अंशांना टेकतो आणि काळ्या मातीचा वरचा थर त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्या वेळी खुरपं चालवलं तर मुळांजवळ उरलेली ओल आपणच उडवून देतो. घरातली म्हातारी माणसं आठ वाजल्यापासून हाका मारायला लागतात, "आते घरमा चाला, ऊन तपनं." त्यांचं ऐकावं. या दिवसांत बागेची कामं दोनच : आहे ते झाड मृगापर्यंत पोचवायचं, आणि मृगात लागणारं सगळं आताच तयार ठेवायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी-आत्या आणि सुट्टी लागलेली भाचरं घरात असतात, त्यामुळे हातांना तोटा नसतो. तोटा असतो तो पाण्याचा.

म्हणून आधी पाण्याचा हिशोब. एका चौरस मीटर वाफ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वैशाखात भरात आलेली भाजी दिवसाला ढोबळमानाने सात-आठ मिलिमीटर पाणी ओढते. 10 बाय 20 फुटांची परसबाग, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर, पूर्ण लावलेली असेल तर रोज 130 ते 150 लिटर लागतील. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे हे जमणारं नाही. आमचं सरळ मत असं की एप्रिलअखेरीलाच दोन तृतीयांश वाफे मोकळे करावेत. मेथी आणि पालक तोवर तुऱ्यावर आलेलेच असतात, त्यांचा मोह धरू नये. उरलेल्या जागेत गवार, भेंडी, चवळी, गिलकी (घोसाळी), पोकळा आणि घोळ ठेवावी. कोथिंबीर हवीच असेल तर सावलीत, धणे रगडून दोन फाकी करून, आणि उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट टाकून. तापलेल्या मातीत धणे पडून राहतात, उगवत नाहीत. बियाणं खोटं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नसतो.

पहाटेचं पहिलं काम पाणी देणं नव्हे, भेगा बुजवणं. काळी माती वाळली की आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वाफ्यात पाणी सोडलं तर ते भेगेतून सरळ खाली उतरतं. वरून वाफा भिजल्यासारखा दिसतो आणि मुळं कोरडीच राहतात. खुरप्याने वरची दीड-दोन इंच माती हलकीच मोकळी करून भेगांत ढकलायची, मग पाणी धारेने न सोडता थेंबाथेंबाने द्यायचं. भेगांमुळे बारीक मुळं तुटतात तो तोटा वेगळाच, म्हणून आच्छादन केलेल्या वाफ्यात मुळात भेग पडूच द्यायची नाही.

ठिबक आता घरच्या बागेतही सगळीकडे दिसतं, पण टाकीवर चालणाऱ्या ठिबकाचा एक घोटाळा बरेच लोक लक्षात घेत नाहीत. ताशी 4 लिटर असं लिहिलेला साधा ड्रिपर, म्हणजे नळीवरचं थेंब सोडणारं तोंड, हा सुमारे एक बार दाबाला तेवढं पाणी देतो. टाकी जमिनीपासून दोन मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम 0.2 बार, आणि त्या दाबाला तोच ड्रिपर ताशी दोन लिटरसुद्धा देत नाही. म्हणजे वेळ दुपटीहून जास्त हवा. अंदाजाने न चालता एका ड्रिपरखाली पेला ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजावं, चारने गुणावं, झालं. शेवटच्या ड्रिपरखालीही तसाच पेला ठेवावा. पहिल्या आणि शेवटच्या पेल्यात फार फरक आला तर 16 मिलिमीटरची नळी लांब झाली आहे किंवा गाळणीची जाळी तुंबली आहे. तापीकाठची विहीर असो की बोअर, पाणी जड असतं आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून काढता येणारे ड्रिपर त्यात रात्रभर टाकले की थर सुटतो. सुईने टोकरू नये. भोक मोठं होतं आणि मग त्याच झाडाला दुप्पट पाणी जात राहतं. नळीच्या शेवटचं बूच आठवड्यातून एकदा उघडून गाळ वाहू द्यायचा. हे काम मुलांना फार आवडतं.

नळी कुरतडलेली सापडली तर आधी उंदरावर संशय जातो, पण उन्हाळ्यात बहुतेक वेळा हे खारींचं काम असतं. त्यांना प्लास्टिक नको असतं, पाणी हवं असतं. बागेच्या दोन कोपऱ्यांत पसरट परळात पाणी ठेवलं की कुरतडणं बरंच कमी होतं.

रबरी नळीने पाणी घालणाऱ्यांनी पहिल्या बादलीभर पाण्याची काळजी घ्यावी. संध्याकाळी सहालासुद्धा नळीत साठलेलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत सोडायचं, निवल्यावर वापरायचं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचंही तेच. पहाटे पाणी देण्याचं अर्धं कारण हे आहे.

झाड दुपारी माना टाकतं म्हणून लगेच पाणी ओतायचं नसतं. गिलकं, दुधी, गंगाफळ (लाल भोपळा) यांची मोठी पानं दुपारी दोनला लोंबलेली दिसणारच, कारण पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत. तोच वेल पहाटे सहाला पाहावा. पानं ताठ असतील तर त्याला काही कमी नाही. पहाटेही मलूल असेल तर मात्र तहान आहे, किंवा मूळ सडलंय. दोन्हींतलं कोणतं, ते माती सांगते. चार इंच खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला आणि त्यावर ओलसर चकाकी आली तर पाणी बंद, कारण काळ्या मातीत रोज भरभरून पाणी दिल्याने मुळांना हवा मिळत नाही. गोळा न होता भुगा पडला तर पाणी द्यायचं. उन्हाने मेलेल्या झाडांपेक्षा काळजीपोटी बुडवून मारलेली झाडंच आम्हाला जास्त दिसतात.

आता कूलर. खानदेशात घराघरात तो एप्रिलपासून घरघरत असतो आणि टाकी साफ करताना निघालेलं पाणी कुंड्यांना घालण्याची सवय असते. ती सोडावी. कूलरमध्ये नुसतं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रोज भर घालत गेलं की आठवड्याभरात टाकीतलं पाणी विहिरीच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट होतं. ते कुंडीत गेलं की आधी मातीवर पांढरी पापुद्री येते, मग पानांच्या कडा करपतात, आणि उन्हाने करपल्या असं समजून आपण आणखी पाणी घालतो. शुद्धीकरण यंत्रातून बाजूला निघणारं पाणीही त्याच जातीचं. ही दोन्ही पाणी अंगण धुवायला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी गोडलिंबाला (कढीपत्त्याला), न्हाणीचं पाणी केळीला आणि अळूला. केळीचं एक सांगायला हवं : तिच्याभोवतीची पिलं कोयत्याने जमिनीलगत छाटत राहायची आणि एकच ठेवायचं. सगळी ठेवली तर न्हाणीचं पाणी कधीच पुरणार नाही.

आच्छादन तीन ते चार इंच जाड हवं, खोडाभोवती मात्र दोन-तीन इंच मोकळं. खोडाला चिकटवलं की साल कुजते आणि वाळवीला आयती वाट मिळते. गव्हाचा भुसा या दिवसांत सहज मिळतो, पण दुपारच्या वाऱ्याने उडतो. पसरल्यावर पाणी शिंपडून दाबून घ्यायचा. कडबा गुरांच्या तोंडचा आहे, तो बागेत घालणं बरं नाही, गुरांनी सोडलेले बुडखे घालावेत. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची वाळलेली पानं ढिगाने मिळतात आणि ती सगळ्यांत उत्तम. केळीचा कापलेला खांब मिळाला तर वीतभर लांबीचे तुकडे करून आच्छादनाखाली झाडाच्या दोन बाजूंना पुरायचे. खांबात बहुतेक पाणीच असतं आणि तो हळूहळू झिरपत राहतो. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेल्या काड्या, मात्र घराजवळ रचून ठेवू नयेत. त्यातून पिठ्या ढेकूण जास्वंदीवर आणि भेंडीवर येतो, आणि उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसलेली असते ती शेजारच्या शेतकऱ्याचं नुकसान करते.

सावलीची हिरवी जाळी 50 टक्क्यांची पुरे. 75 टक्क्यांच्या जाळीखाली भेंडी आणि गवार नुसती उंच वाढतात, फुलं धरत नाहीत. जाळी झाडावर अंथरायची नसते. सात-आठ फुटांवर ताणायची, म्हणजे खालून हवा खेळते. डोक्यावरच्या जाळीपेक्षाही पश्चिमेची बाजू झाकणं महत्त्वाचं, कारण तीन ते पाचचं तिरपं ऊन आणि झळा तिकडूनच येतात. केळीबागांभोवती शेवरीची ओळ लावतात ती याच कारणाने, आणि घरी जागा असेल तर पावसाळ्यात पश्चिमेला शेवरीचं बी टोकून ठेवावं. जाळीच्या दोऱ्या एका झटक्यात सुटतील अशा सरगाठीने बांधायच्या. रोहिणी लागल्या, म्हणजे 25 मेच्या आसपासपासून, वळवाची वादळं येतात आणि घट्ट बांधलेली जाळी खांबांसकट वेलावर कोसळते.

कुंड्यांपैकी काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांची तब्येत सगळ्यांत नाजूक. बाजूने ऊन लागून मुळं अक्षरशः शिजतात. त्यांना गोणपाट गुंडाळावं आणि पाच-सहा पिशव्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मातीची कुंडी स्वतः पाझरते म्हणून गार राहते, पण तिला पाणी जास्त लागतं, हे आलंच.

माठाचा उपयोग इथे सांगतो. आखाजीला नवी घागर भरली जाते आणि जुने माठ कोपऱ्यात जातात. चार-पाच लिटरचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यावर झाकण ठेवलं तर तो आसपासच्या वेलाला तीन-चार दिवस पाझरून पाणी देतो. अडचण एवढीच की ज्या माठात पाणी गार होईनासं झालंय म्हणून तो काढला, तो बागेतही पाझरत नाही. दोन्हींचं कारण एकच : क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. माठ भरून सावलीत ठेवावा. दोन-तीन तासांत बाहेरून ओल फुटली तरच पुरावा, नाहीतर आतून काथ्याने घासून लिंबाच्या फुलाचं पाणी रात्रभर ठेवून पुन्हा पाहावा. तेलकट हाताने माठ धरू नये आणि बाहेरून रंग तर मुळीच देऊ नये.

साडेआठनंतर सगळे आत. गच्चीवर कुरडया, बिबड्या (ज्वारीचे पापड) घालणाऱ्यांचंही तोवर आटपलेलं असतं. कुरडईच्या गव्हाचा चोथा आणि आंबलेलं पाणी फेकू नका. चोथा खताच्या खड्ड्यात जातो, पण त्याच्या तिप्पट वाळला पाला मिसळूनच. नुसता टाकला तर दुसऱ्या दिवशी आख्खी गल्ली वासाची चौकशी करत येते. खड्ड्यातला ओलावा मुठीत दाबून पाहायचा. एक-दोन थेंब निघाले की बरोबर. वैशाखात खड्डा वाळून कुजणं थांबतं, म्हणून वर ओलं गोणपाट.

दुपारचं खरं काम बियाण्याचं, आणि ते कुटुंबाने एकत्र बसून करावं असं आहे. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारात त्याच्या नावावर काहीही खपतं, त्यामुळे चांगलं बी घरी धरणं शहाणपणाचं. हिवाळ्यातल्या निरोगी झाडावरचं दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातलं एखादं सुबक फळ राखून ठेवलेलं असतं. ते झाडावरच पिवळं पडेपर्यंत राहू द्यायचं. तोडल्यावर पाच-सात दिवस सावलीत मऊ होऊ द्यायचं. मग चिरून बादलीभर पाण्यात गर चोळायचा. भरलेलं बी तळाला बसतं, गर आणि पोचट बी वर तरंगतं, ते ओतून द्यायचं. दोन-तीनदा धुवून बी सुती कापडावर पातळ पसरायचं. कागदावर पसरलं तर चिकटतं. आणि इथे सगळ्यांत मोठी चूक होते : ऊन फुकट आहे म्हणून बी गच्चीवर टाकतात. एवढ्या तापलेल्या गच्चीवर बियाची उगवण मरते. खोलीत, पंख्याखाली, सावलीत, रोज हलवत. नखाने दाबलं तर वळ उमटायला नको, इतकं वाळलं की चाळलेल्या राखेत मिसळून काचेच्या बाटलीत. शेजारी दुसऱ्या जातीची वांगी असतील तर मधमाश्या थोडा संकर करतातच, म्हणून बी धरायच्या फुलाला उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधायची आणि फळ धरलं की काढायची. घरापुरती पंधरा-वीस झाडं लावायची तर साठ-सत्तर बिया पुष्कळ होतात.

गिलक्याचं बी सोपं. वेलावर वाळून खडखड वाजणारं गिलकं घ्यायचं, टोकाची टोपी मोडायची आणि ताटात झटकायचं. काळं, जड बी ठेवायचं. करडं, हलकं फेकायचं. राहिलेली जाळी अंग घासायला. पेरायच्या आदल्या रात्री बी दहा-बारा तास भिजत घालायचं. जास्त नाही, नाहीतर सडतं.

निंबोळ्याही याच काळात, मेअखेरीपासून, पडायला लागतात. पिकलेल्या निंबोळ्या मुलांकडून गोळा करून घ्यायच्या, गर धुवून काढायचा, सावलीत वाळवायच्या आणि गोणपाटात भरायच्या. प्लास्टिकमध्ये भरल्या की बुरशी येते आणि मग अर्क कामाचा राहत नाही. पाच लिटर अर्काला 250 ग्रॅम जाडसर कुटलेली निंबोळी लागते. कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पुरचुंडी पिळून पिळून गढूळ पांढरं पाणी काढायचं, पाच लिटरपर्यंत पाणी घालून गाळायचं आणि दहा ग्रॅम साबणचुरा मिसळायचा. तयार अर्क त्याच दिवशी वापरायचा, तोही संध्याकाळीच, कारण उन्हाने त्यातलं औषध विघटन पावतं आणि पानं डागाळतात. भेंडीच्या पानाखाली बारीक जाळी आणि लाल ठिपके दिसले तर ती लाल कोळी. तिला आधी नुसत्या पाण्याने आवर घालता येतो : पहाटे पानाच्या खालच्या बाजूला जोराचा फवारा, लागोपाठ तीन-चार दिवस. कोरडी हवा हीच तिची चैन असते. शिरा पिवळ्या पडलेलं भेंडीचं झाड मात्र फवारून बरं होत नाही, उपटून टाकावं.

साडेपाचला पुन्हा बाहेर. भेंडी, गवार एक दिवसाआड तोडायलाच हवी, उन्हात ती दोन दिवसांत दोरा धरते. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी, टपोऱ्या पांढऱ्या दिसल्या की वेचायच्या. गजरे करायला घरात माणसं असतातच. मोगऱ्याला फूल हवं तर पाणी रोज आणि ऊन भरपूर, त्याला जाळीखाली दडवू नये.

मग खड्डे. लिंबासाठी 2 बाय 2 बाय 2 फूट, आंब्यासाठी 3 बाय 3 बाय 3. वाळलेल्या काळ्या मातीवर टिकाव उसळतो, म्हणून आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी आळं करून चार-पाच बादल्या पाणी मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पहार सहज जाते. वरची फूटभर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा मृगापर्यंत उघडा तापू द्यायचा, मुलं-गुरं पडू नयेत म्हणून काटक्या टाकून. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड. काळ्या मातीत खड्डा जमिनीच्या पातळीला भरला तर तो ऑगस्टमध्ये हौद होतो, लिंबाच्या बुंध्याला पाणी लागतं आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो. म्हणून फूटभर उंचवटा करून भरायचा. माती बसून तो अर्धा होतोच. रोप जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर. पहिल्या सरीला लावून पुढच्या उघडिपीत रोपं जाळण्यापेक्षा हे बरं.

ज्या वाफ्यात मर (झाड वाळून जाण्याचा रोग) किंवा सूत्रकृमीचा (मुळांतल्या बारीक किड्यांचा) त्रास असेल तो रिकामा वाफा तापवून घ्यायलाही हाच महिना. माती भुसभुशीत करून भरपूर भिजवायची, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरायच्या, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक चालत नाही, ते स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही. काढल्यावर खोल खणायचं नाही, नाहीतर खालचे जंतू पुन्हा वर येतात.

रात्रीचं जेवण अंगणात होतं. गिलक्याची भजी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कैरीची चटणी, आणि त्यानंतर उठायला कोणी तयार नसतं. तरी दोन गोष्टी उरकूनच झोपावं. ठिबकाची तोटी बंद आहे ना हे बघणं ही एक. रात्रभर चालू राहिली तर टाकी रिकामी आणि वाफा चिखल. दुसरी म्हणजे आभाळ. पश्चिमेकडे वीज चमकत असेल आणि वारा एकदम पडला असेल तर जाळीच्या पश्चिमेच्या दोऱ्या त्याच वेळी सोडून जाळी पूर्वेच्या खांबावर गुंडाळून ठेवायची, कुंड्या भिंतीच्या आडोशाला जमिनीवर घ्यायच्या, केळीला घड असेल तर बांबूचा टेकू घट्ट करायचा. वादळ झालं तर पहाटे आधी आडव्या झालेल्या वेलांना हात लावू नका. माती ओली असेपर्यंत मुळं सैल असतात. मांडव उभा करा, वेल तासाभराने उचला, आणि त्या दिवशीचं पाणी वाफा उकरून पाहिल्याशिवाय देऊ नका. वळवाची सर दिसायला मोठी असली तरी बऱ्याचदा बोटभरच खाली उतरलेली असते.